गाडी तापते खरी, पण कधी तापते?

वाचकाचं पत्र (नाव-गाव वगळून, थोडक्यात): मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, वय 52. घरी वडिलांनी घेतलेली 2001 सालची डिझेल टाटा सुमो आहे. मुलगी गोव्यात डिचोलीला दिलीय, त्यामुळे महिन्यातून एक-दोनदा चोर्ला घाटातून जाणं-येणं होतं. गेल्या चार महिन्यांपासून परत येताना केरी सोडून घाट चढायला लागलं की तापमानाचा काटा लाल रेघेकडे जातो. एकदा वडील सोबत असताना वाफ निघाली, तासभर कडेला थांबावं लागलं. गावात किंवा बेळगावात फिरताना काही होत नाही. आठवड्याला लिटरभर पाणी घालावं लागतं, पण खाली थेंब दिसत नाही. एका मेस्त्रींनी थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, फरक पडला नाही. दुसरे म्हणतात रेडिएटर बदला. तिसरे म्हणतात हेड (इंजिनाचा वरचा भाग) गेलंय, उघडायचंच आहे तर सगळं इंजिनच खोलून करा, साठ हजार धरा. धाकटा भाऊ म्हणतो, विकून टाक. चंदगडचं एक गिऱ्हाईक आहे, पण तापण्याचं त्यांना सांगू नको म्हणतो. वडील 81 वर्षांचे. ते आपलं एकच म्हणत बसतात, "हिचा काटा आधी निम्म्याच्या वर जात नव्हता की गा." त्यांना आता यातलं काय समजावणार? इंजिन करू की विकू?

सप्रेम नमस्कार.

तीन मेस्त्र्यांनी तुम्हाला तीन उत्तरं दिली, पण "गाडी कधी तापते?" हे एकानंही विचारल्याचं तुमच्या पत्रात दिसत नाही. त्याचं उत्तर तुम्ही नकळत लिहून ठेवलंय. गावात तापत नाही, बेळगावच्या गर्दीत तापत नाही, केरी सोडून चढ लागला की तापते. एवढ्यात निम्मं निदान झालं.

म्हणून "इंजिन करू की विकू" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवूया. या दोन्ही वाटा एकच गोष्ट धरून निघतात, ती म्हणजे इंजिन गेलंय. हे अजून कुणी तपासून दाखवलेलं नाही. इंजिन वेगळं आणि त्याला थंड ठेवणारा संसार वेगळा. रेडिएटर, त्याचं झाकण, रबरी होज, वॉटर पंप, पंखा, बेल्ट, थर्मोस्टॅट ही सगळी मंडळी इंजिनाच्या आधी थकतात. 1994 मध्ये सुमो आली (सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ते नाव पडलं) तेव्हापासून या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. ज्यांचं तापण्यासाठी इंजिन उघडलं, त्यातल्या बऱ्याच गाड्या रेडिएटर तोच राहिल्यामुळे दोन महिन्यांत पुन्हा तापत आल्या. तेव्हा मालकाच्या तोंडाकडे बघवत नाही.

इतर वाचकांसाठीही सांगतो. उभ्या गाडीत, सिग्नलला किंवा रेल्वे गेटला तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येतो, अशी गाडी हवेला उपाशी असते. तिथे पंखा बघायचा. मारुती 800 सारख्या गाडीत इलेक्ट्रिक फॅन असतो, म्हणजे त्याचा फ्यूज, रिले आणि स्विच. सुमोसारख्या जुन्या डिझेल गाडीत बेल्ट आणि पंख्याचं कप्लिंग. सकाळी सुरू करून दोन-तीन किलोमीटरांत काटा चढत असेल तर पाणी कमी असेल, हवा अडकली असेल किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल. हेडलाइट लावल्या क्षणी काटा वर सरकत असेल, तर आधी अर्थिंगची वायर बघा, गाडी तापलेलीच नसेल. आणि तुमच्यासारखं सपाटीला सगळं ठीक, चढावर लाल, असं असेल तर उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी पडतेय.

केरी अगदी खाली आहे आणि चोर्ला-कणकुंबीचा माथा साधारण 800 मीटरवर, जिथे मलप्रभा उगम पावते. भरलेली गाडी तेवढी वर उचलायची म्हणजे डिझेल भरपूर जळणार, आणि जळालेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश रेडिएटरच्या पाण्यातून बाहेर काढावी लागते. वर वेग कमी, म्हणून समोरून वारा नाही. बाजारात फिरताना रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बंद असल्या तरी भागून जातं. चोर्ल्याला मात्र सगळ्या नळ्या लागतात.

सगळ्यात स्वस्त वस्तूपासून सुरुवात करा, ती म्हणजे रेडिएटरचं झाकण. सकाळी, रात्रभर गार झालेल्या गाडीचं झाकण उघडून उन्हात धरा. खालची रबरी चकती बोटानं दाबा. ती कडक झाली असेल, कडेला बारीक चिरा असतील किंवा बसण्याची गोल खूण एका बाजूला पुसट असेल, तर झाकण दाब धरत नाही. बेळगाव परिसर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. 0.9 बार दाबाचं झाकण नीट बसलं की तेच पाणी 117-118 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे त्या चकतीवर वीस अंशांचा आधार आहे. ती सैल झाली की घाटात पाणी लवकर उकळतं, वाफ होऊन बाहेर जातं आणि खाली थेंबही पडत नाही. तुमच्या आठवड्याच्या लिटरभर पाण्याचा हिशेब इथेही लागू शकतो. झाकण काहीशे रुपयांचं येतं. फक्त जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा बघून त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं चांगलं असं समजून मोठ्या आकड्याचं लावलं, तर जुन्या होज फुटतात.

झाकण उघडलंच आहे तर आतलं पाणीही पाहा. कोऱ्या चहासारखं तांबूस दिसलं तर आत गंज धरलाय. बोट आत फिरवून गाळ लागतो का बघा. आपल्याकडे बोअरचं पाणी सर्रास ओततात. गरम पाण्याच्या भांड्याला आतून पांढरी खपली धरते ना, तशीच ती रेडिएटरच्या नळ्यांत धरते. कूलंट म्हणजे थंड प्रदेशातलं फॅड, असं समजणारे अजून पुष्कळ आहेत. तो गंज रोखतो आणि उकळण्याचा बिंदूही वर नेतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर निम्मं आणि कूलंट निम्मं, हे प्रमाण ठेवा. दोन वेगळ्या प्रकारचे कूलंट एकत्र करू नका. आणि एक कळकळीची विनंती: काढलेलं कूलंट अंगणात घमेल्यात ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं किंवा वासरू प्यायलं तर जिवावर बेततं.

आता थर्मोस्टॅट. "इथल्या उन्हात तो कशाला?" हे वाक्य मी निपाणीपासून लोंढ्यापर्यंत ऐकलंय. ज्यांनी तुमचा काढला त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण तो परत बसवा. काही इंजिनांत गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते, आणि तापलेलं पाणी काही प्रमाणात रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतं. चढावर नेमकं तेच महागात पडतं. शिवाय आपल्या पावसाळ्यात इंजिन धड गरम होत नाही, डिझेल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल धरते. नवा आणला की बसवण्याआधी घरीच परीक्षा घ्या. दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, गॅस लावा. त्यावर छापलेला आकडा बहुधा 82 ते 88 अंशांच्या दरम्यान असतो. पाणी त्याच्या आसपास पोचलं की मधली चकती हळूहळू उघडताना डोळ्यांनी दिसते. बाबांनाही हे बघायला बोलवा.

मग रेडिएटर, ज्यावर माझा सगळ्यात जास्त संशय आहे. आधी बाहेरून बघा. जाळीत चिखल, किडे, उसाच्या पाचटाचे तुकडे अडकलेले असतात. एसीची गाडी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत गादीसारखा थर साचतो, समोरून तो दिसत नाही. इंजिनाच्या बाजूनं बाहेर, असं हलक्या धारेनं धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, वाकतात. आतून चोक झालाय का, हे असं कळतं: गाडी चांगली फिरवून आणा, इंजिन बंद करा, आणि तापमान मोजायची इन्फ्रारेड गन रेडिएटरवर पट्ट्यापट्ट्यानं फिरवा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तापमान सावकाश उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला, तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर फेकू नका, टाकी उकलून सळईनं नळ्या साफ करणारे कारागीर अजून आहेत. त्याला रॉडिंग म्हणतात. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा असेल तर मात्र नवाच घ्यावा.

पंख्याभोवतीचं गोल आवरण, श्राउड, जागेवर आहे का? कधीतरी रेडिएटर काढताना ते तुटतं आणि "लागत नाही" म्हणून कोपऱ्यात पडतं. त्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. आणखी एक दोष फक्त चढावरच दिसतो, त्यामुळे गॅरेजात सापडत नाही. कुणाला तरी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून रेस करायला सांगा आणि तुम्ही खालच्या होजकडे बघत राहा. हात पंख्यापासून लांब. रेस वाढवली की होज पोटात आवळल्यासारखी चपटी होत असेल, तर ती जुनी होऊन मऊ पडलीय किंवा आतली स्प्रिंग गेलीय. पंप ओढतोय, पण पाण्याला वाट नाही. साध्या रबरी नळीपायी लोकांनी हेड उघडलेली मी पाहिली आहेत.

हेड गॅस्केटचं, म्हणजे हेड आणि खालच्या इंजिनाच्या मधल्या पातळ सीलचं काय? तिसऱ्या मेस्त्रींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पाणी कमी होतंय आणि थेंब दिसत नाही, हे गॅस्केटचंही लक्षण आहे. पण ते हेड न उघडता तपासता येतं. गार गाडीचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा, गाडी सुरू करा. पहिल्या मिनिटभरात थोडे बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. ते थांबतच नसतील, एका लयीत येत राहत असतील, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. दुसरी खूण: झाकण लावून गार गाडी सुरू केली आणि पाणी कोमट व्हायच्या आतच वरची होज दगडासारखी टणक झाली. काही गॅरेजात निळ्या द्रवाची नळी असते, ती रेडिएटरच्या तोंडाशी धरली की गॅस असल्यास रंग बदलतो. ही परीक्षा मागून करून घ्या. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस दिसला म्हणून घाबरू नका, पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ओलीमुळे तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाच्या चहासारखं झालं असेल, तर मात्र गाडी सुरूच करू नका.

सोबत प्रेशर टेस्टही मागा. हातपंपानं रेडिएटरमध्ये झाकणाइतका दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघायचा. उतरला तर पाणी कुठून जातं ते शोधायचं. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्राशी पांढरट-हिरवट ओघळ आहे का? हीटर असेल तर पायाखालची मॅट ओली लागते का? गरम इंजिनावर पडलेला थेंब वाळून जातो, म्हणून जमिनीवर शोधून तो सापडत नाही.

सगळं करून निष्कर्ष गॅस्केटचाच निघाला, तर फक्त हेडचं काम करा. हेड सरळ आहे का ते पट्टी आणि फीलर गेज लावून मोजायला सांगा, वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करून घेणं. बेळगावात उद्यमबागेत अशी मशीनकामं करणारी वर्कशॉप आहेत. "उघडलंच आहे तर" या तीन शब्दांवर पूर्ण इंजिन करायला होकार देऊ नका. पिस्टन-रिंग गेल्याचं वेगळं दाखवायला सांगा: कॉम्प्रेशनचे आकडे, ऑइल किती खाते, धूर कसा. या तिन्हींबद्दल तुमची तक्रार नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे ते कळत नाही. गाडीत एक वही ठेवा: तारीख, किलोमीटर, किती पाणी घातलं, काटा कुठे होता, माणसं किती. महिनाभराची अशी वही घेऊन गेलात की कानडी मेस्त्री असो की मराठी, "बिसी आगतैति" (गरम होतेय) एवढ्यावर बोलणं थांबणार नाही. आकडे दोन्ही भाषांत सारखेच वाचले जातात.

घाटात पुन्हा वेळ आलीच तर. काटा चढू लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, उकाडा सोसा. एक गिअर खाली घ्या, पंखा आणि पंप जोरात फिरतील. सुरक्षित जागा बघून थांबा. काटा नुसता वर असेल, वाफ नसेल, तर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं थोड्या रेसवर चालू ठेवा. वाफ निघत असेल तर तत्काळ बंद. आणि लालवर गेलेला काटा एकाएकी खाली पडला तर सुटलो असं समजू नका, सेन्सरभोवती पाणीच उरलं नसेल तेव्हाही तसं होतं. त्याच क्षणी इंजिन बंद करा. झाकणाला पाऊण तास हात लावायचा नाही. 1991 साली तवंदी घाटात एका ट्रकचं झाकण मी पाच मिनिटांत फिरवलं होतं. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंतची ती खूण आजही आहे, म्हणून हे एवढं बजावून सांगतोय. तापलेल्या इंजिनात झऱ्याचं गार पाणी ओतणं तर त्याहून वाईट, चांगलं हेड तिथेच तडकतं.

विकण्याचं आता. 2001 ची नोंदणी म्हणजे पंधरा वर्षं 2016 मध्ये संपली, मग पाच-पाच वर्षांनी 2021 आणि 2026. पुढच्या नूतनीकरणाचा आणि फिटनेसचा खर्च कागदावर मांडा, त्याच्या शेजारी झाकण, होज, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा खर्च मांडा, आणि मग भावाशी बोला. तो वैरी नाही, त्याला पैशाची चिंता आहे. बेरीज जमत नसेल तर जरूर विका. चंदगडला द्यायची तर राज्य बदलतं, आपल्या आरटीओची एनओसी लागेल. पण त्या गिऱ्हाइकाला तापण्याचं सांगा, वहीही दाखवा. ओळखीचा माणूस आहे, त्यालाही घाटच चढायचेत, आणि गाडीत त्याचीही म्हातारी माणसं बसतील. कमी आलेले दहा हजार परवडतात.

राहिले बाबा. त्यांना काय समजावणार, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, त्यांना विचारायला हवं. काटा निम्म्याच्या वर जात नव्हता, हे तुमच्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य आहे. ही गाडी निरोगी असताना काट्याची जागा कुठली, हे ठाऊक असलेला दुसरा माणूस नाही. कुठल्या साली रेडिएटर काढला होता, बोअरचं पाणी कधीपासून घालायला लागलात, श्राउड कुणी काढलं, हेही त्यांना आठवत असेल. तीन मेस्त्र्यांकडे गेलात, चौथा माणूस घरात बसलाय.

काम होईपर्यंत त्यांना घेऊन चोर्ला चढू नका. डिचोलीला एसटीनं किंवा दुसऱ्या गाडीनं जा. एकेक करत नवं झाकण आणि थर्मोस्टॅट बसवून, रेडिएटर साफ करून झालं की पहिली चाचणी रिकाम्या गाडीनं जांबोटीपर्यंत, दुसरी घाटात एकट्यानं. तिसऱ्या वेळी बाबांना पुढच्या सीटवर बसवा आणि वही त्यांच्या हातात द्या. केरीपासून कणकुंबीपर्यंत काटा कुठे होता, ते त्यांनाच लिहू द्या, आणि ते पान मला पाठवा.